टॉवेल टाकलेली खुर्ची

धारवाडच्या सप्तापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोर शाळा, मागे विद्यापीठाकडे जाणारा रस्ता आणि आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांतून राहणारी पोरं-पोरी. काउंटरपलीकडे उभं राहून लोक मला काय काय विचारतात! खोली मिळेल का, मेस कुठली बरी, अमुक सर घरी असतात का. पण त्या रविवारी संध्याकाळी एका बाईनं जे विचारलं, आणि ज्या खणखणीत आवाजात विचारलं, त्यानं माझ्या हातातला कागद मशीनमध्ये तिरका गेला.

"अक्का, दारूची मीटिंग कुठं भरती हो हितं?"

दुकानात उभी असलेली कॉलेजची पोरं फिस्सकन हसली. बाई त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "हसा की. ज्येच्या घरात कोन पीत न्हाई त्येनं मोठ्यानं हसा." पोरं आपापले कागद उचलून निघून गेली.

ही भागीरथी. अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातली. बुटकी, काटक, भातलावणी आणि ऊसतोड करून रापलेली. काखेत कापडी पिशवी आणि एका चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. तिचा नवरा महादेव धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात लेथवर होता. "हात सोन्याचं, पन नरडं फुटक्या घागरीचं," असं तिनं पहिल्या पाच मिनिटांतच मला सांगून टाकलं. कावीळ होऊन तो धारवाडला दवाखान्यात पडला होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, लिव्हर खराब झालंय, ह्याच्यावर अजून दारू ओतली तर हा माणूस पुढची दिवाळी बघणार नाही. आणि म्हणाले होते, सप्तापुरात एका शाळेत रविवारी मीटिंग असते, पिणं सोडलेली माणसं जमतात, तिथं पाठवा. घरी गेल्या गेल्या महादेव पुन्हा गुत्त्यावर. म्हणून ही आली होती, एवढ्याच पत्त्यावर.

दुपारपासून ती अख्खं सप्तापूर विचारत फिरली होती. पानपट्टीवाल्यानं 'दारूची' एवढंच ऐकलं आणि तिला वाइन शॉपकडे बोट दाखवलं. तीही गेली! वाइन शॉपवाला बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "अक्का, इथं चालू करून मिळतं. बंद कुठं करून देतात ते मला ठाऊक नाही." देवळातल्या पुजाऱ्यानं सल्ला दिला की नवऱ्याला देवाची आण घाल. "आन घालून झाली," ही त्याला म्हणाली, "यल्लम्माची घातली, गावच्या लक्ष्मीची घातली. आता देवांस्नी बी लाज वाटायल्या."

दारूचं नाव आमच्या गल्लीत लोक कानात सांगतात. ज्यांच्या घरी रोज बाटली फुटते तेही "जरा तब्येत बरी नसते" म्हणतात. आणि ही बाई भर रस्त्यात, ओळीनं सगळ्या दुकानांतून, नवऱ्याचं दुखणं नाव घेऊन विचारत आली होती. मी म्हटलं, "बाई गं, जरा हळू तरी बोल." तर म्हणते, "हळू बोलून इतकी वर्सं झाली की अक्का."

मीटिंग कुठे भरते हे मला ठाऊक होतं, कारण शाळेच्या मागच्या वर्गाची किल्ली माझ्याच दुकानातल्या खिळ्याला असते. बाहेर पाटी नाही, बोर्ड नाही. येणारे फक्त पहिलं नाव सांगतात. खरं बोलायचं तर मला त्या मंडळींचं काडीचं कौतुक नव्हतं. दर रविवारी येतात, गोल बसतात, माझ्याकडून चहा मागवतात आणि जातात. मीटिंग ह्या प्रकारावरच माझा विश्वास नाही. आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यासाठी इतक्या मीटिंगा झाल्या की त्यात प्यायलेल्या चहाच्या पाण्यानं टाकी भरली असती. तरी मी शटर अर्धं ओढलं आणि तिला घेऊन गेले.

दारात मंजुनाथ अण्णा उभे होते. हा मंडळींतला जुना माणूस, बसचा रिटायर्ड कंडक्टर. आवाज अजून तसाच, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य म्हणतात, "बर्री, कूड्री." या, बसा. भागीरथीलाही म्हणाले. मग विचारलं, "कोण पितं, अक्का?"

"पिंकीचे अप्पा." पिंकी म्हणजे तिची मुलगी.

"ते कुठं आहेत?"

"घरात. पिऊन पडल्यात. मी आलीया न्हवं त्येंच्या नावानं."

आणि ती सरळ आत जाऊन बसायलाच निघाली. तिच्या गावात बायकांचा बचतीचा संघ आहे. तिथं सासूला जमलं नाही तर सून जाऊन बसते, आईला ताप असला तर लेक जाते. घरातलं कुणीही आलं की हजेरी लागते. हीही मीटिंगच. नवरा शुद्धीत नाही तर बायकोनं जायचं, नीट ऐकायचं, घरी जाऊन त्याला सांगायचं आणि त्यानं दारू सोडायची, असा तिचा साधा हिशेब होता. मला हसू फुटलं. मंजुनाथ अण्णा मात्र हसले नाहीत.

"अक्का, इथं एकाच्या नावानं दुसऱ्याला बसता येत नाही. ज्याचं दुखणं त्यानंच यायला लागतं."

तिचं तोंड एवढंसं झालं. केवढ्या लांबून आली होती बिचारी. मला वाटलं आता रडेल, आणि मग हिला गप्प करायचं कामही माझ्याच गळ्यात पडेल. पण ती दारातून आत बघत राहिली. आत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. मग ती म्हणाली, "बसू नगा म्हनताय तर न्हाई बसत. जागा तरी धरता येती काय?"

असं म्हणून तिनं पिशवीतून एक टॉवेल काढला. पांढरा, तांबड्या काठाचा. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तेव्हा कामगारांना वाटतात तसला. आत गेली, खिडकीजवळच्या खुर्चीवर तो नीट पसरला आणि जमलेल्या सगळ्या पुरुषांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही पिंकीच्या अप्पांची. कुनी बसायचं न्हाई." आणि बाहेर आली.

आमच्या भागातल्या बसमधून जो कधी गेला नाही त्याला ह्यातलं गांभीर्य कळायचं नाही. स्टँडवर बस लागायच्या आत खिडक्यांतून टॉवेल आत पडायला लागतात. टॉवेल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पोराचं दप्तर. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून तर गर्दी विचारूच नका. त्या बसमध्ये माणसं पायावर पाय पडला म्हणून भांडतात, कोंबडीवरून भांडतात, कन्नड-मराठीवरूनही भांडतात. पण टॉवेल पडलेल्या जागेवर कुणी बसत नाही. मालक खाली चहा पीत असो नाहीतर पिशव्या गोळा करत असो, तो येईपर्यंत जागा त्याची. कुणी लिहून ठेवलेला कायदा नाही हा, पण मोडलेला मी तरी पाहिला नाही.

मंडळींतला एकजण कुजबुजला, "अण्णा, असं चालतं काय आपल्यात?" मंजुनाथ अण्णा त्या टॉवेलकडे बघत होते. म्हणाले, "जन्मभर कंडक्टरकी केली मी. टॉवेल आहे म्हणजे माणूस आहे. मागून येतोय."

झालं. तेव्हापासून भागीरथी दर रविवारी यायची. वर्गात जायची, टॉवेल टाकायची, माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची. मीटिंग सुटली की टॉवेल घडी करून पिशवीत घालायची आणि शेवटची बस गाठायची. मी तिला छेडायची. "अगं, टॉवेल बसवून माणूस सुधारला असता तर आमच्या गल्लीनं गठ्ठ्यानं टॉवेल आणले असते."

"बस येत न्हाई म्हणून कोन स्टँडवरनं घरला जातंय काय अक्का? जागा बघून ठिवायची. येईल तवा येईल."

नवऱ्यापासून ती काही लपवत नव्हती. दर रविवारी घरी जाऊन सांगायची, "आज बी तुमची जागा धरून आली." तो शिव्या द्यायचा, कधी ताट भिरकावायचा. एकदा त्यानं टॉवेलच दडवून ठेवला. ही त्याचा कारखान्यातला निळा शर्ट घेऊन आली. मंजुनाथ अण्णांनी तो स्वतःच्या हातानं खुर्चीच्या पाठीला घातला आणि खांदे सारखे केले, आत माणूस असल्यासारखे. ते बघून मी माझी थट्टा गिळून टाकली.

आणि मग तो रविवार आला. हुबळीहून दुसऱ्या एका ग्रुपची माणसं आली होती. वर्ग भरून गेला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले तेव्हा मीटिंग सुरू व्हायची होती. एक नवीनच माणूस आत येत होता. इस्त्रीचे कपडे, पायात चांगले बूट, पण हात असे थरथरत होते की ते त्यानं खिशात कोंबले होते. त्याला एकच खुर्ची मोकळी दिसली, खिडकीजवळची. तो टॉवेल उचलायला वाकला.

"साहेब, तिथं माणूस आहे," कुणीतरी म्हणालं.

त्यानं इकडे तिकडे बघितलं. "कुठं आहे?"

"येतोय."

तो माणूस क्षणभर टॉवेलकडे बघत राहिला. मग त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली फरशीवर बसला. त्याच्या शेजारच्यानं आपली खुर्ची मागे सारली आणि तोही खाली बसला. मग आणखी एकजण. मंजुनाथ अण्णांचे गुडघे दुखतात, तेही भिंतीला धरून धरून खाली बसले. बघता बघता वर्गातले सगळे पुरुष फरशीवर होते आणि खिडकीजवळ खुर्चीवर फक्त एक टॉवेल.

त्या महादेवला त्यांच्यातल्या एकानंही कधी पाहिलं नव्हतं. तो त्या वेळी तिकडे अळणावरच्या बाजूला पिऊन कुठे पडला होता देव जाणे. आणि इथं त्याची जागा अशी राखली जात होती! बायकोनं सोडलेली, पोरांनी टाकलेली, कामावरून काढलेली माणसं ती. जगात आपल्याला जागा नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी ट्रे दारातच ठेवला आणि चपला काढल्या. वर्गात शिरताना मी त्याआधी कधीच चपला काढल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारपासून किल्ली देण्याआधी ती खुर्ची मी स्वतः पुसायला लागले. भागीरथीला सांगितलं नाही. तिनं मला छेडलं असतं.

महादेव आला तो टॉवेल परत न्यायला. नागपंचमी होऊन गेली होती. कारखान्यातल्या गुंडू नावाच्या कुणीतरी सगळ्यांसमोर त्याला डिवचलं होतं, "काय म्हादबा, धारवाडात तुझ्या टॉवेलची पूजा करायल्यात म्हनं." हा पेटला. रविवारी पिऊन, बस पकडून, थेट माझ्या दुकानासमोर. भागीरथी स्टुलावरच होती. उंच माणूस, पण आत हवा कमी झाल्यासारखा. डोळे पिवळे.

"माझा टॉवेल कुठं हाय?"

मला वाटलं ही त्याचा हात धरेल, समजूत घालेल, पाया पडेल. मी असते तर सगळं केलं असतं, वर दोन थोबाडीत दिल्या असत्या. भागीरथी फक्त उभी राहिली आणि तिनं शाळेकडे बोट दाखवलं. तो तरातरा गेला. तिनं स्टुलाची कड घट्ट धरली. ओठ हलत होते, पण देवाचं नाव घेत होती की काय ते मला ऐकू आलं नाही.

आत काय बोललं जातं ते बाहेर न्यायचं नाही, हा त्या मंडळींचा नियम आहे आणि मीही आता तो पाळते. त्या दिवशीचं मला महादेवनं स्वतः, पुष्कळ दिवसांनी, इथं दुकानात उभं राहून सांगितलं. तो ओरडतच शिरला होता. कुणी त्याला अडवलं नाही. मंजुनाथ अण्णा फक्त म्हणाले, "बर्री, कूड्री. तुमचीच जागा आहे." त्यानं खिडकीजवळ बघितलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, तेवढीच रिकामी, त्यावर त्याचा टॉवेल.

"हितं कोन बसलं हुतं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही."

"कवापास्नं?"

"तुमची बायको आली तेव्हापासून."

"अक्का," महादेव मला म्हणाला, "कारखान्यात माझ्या लेथवर दुसरा मानूस बसवला हुता. सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसलो तर शेजारची मानसं उठून जायची. मला वाटलं हुतं आपली जागा संपली सगळीकडची. टॉवेल उचलला. निघनार हुतो. पन टॉवेल उचलून मानूस उभाच ऱ्हायला, तर बसमधली मानसं हसत्यात की." म्हणून तो बसला.

बसला, आणि थोड्याच वेळात झोपला. तेवढं मात्र आम्हाला बाहेर ऐकू आलं. त्याच्या घोरण्यानं शाळेच्या खिडक्या हलत होत्या. भागीरथी आधी दचकली, मग तिला हसू आलं, मग हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "बसला बघा अक्का," ती म्हणत होती, "बसला." मी तिला पदरानं डोळे पुसू दिले, आणि माझे पुसायला मशीनजवळचं फडकं घेतलं. तोंडाला काळी शाई लागली ती दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी सांगितली.

इथंच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पुढच्या रविवारी तो आला नाही. पुन्हा टॉवेल एकटाच खुर्चीवर. मी चिडले, त्या महादेवला नाही नाही ते बोलले. भागीरथी शांतपणे म्हणाली, "बस चुकली असंल." त्याच्या पुढच्या रविवारी तो आला. मग सलग येत राहिला. मग पिंकीच्या साखरपुड्यात कुणीतरी ग्लास पुढे केला, तेव्हा घसरला आणि तोंड लपवून बसला. टॉवेल पुन्हा एकटा. पुन्हा आला. चमत्कार म्हणजे एका झटक्यात होतो अशी माझी समजूत होती. तो असा रखडत, बंद पडत, धक्के खात येतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. आणि इतकं खात्रीनं सांगते, झटक्यात झालेला चमत्कार बघून मला एवढा आदर वाटला नसता.

दिवाळी आली. डॉक्टरांनी म्हटलेली ती दिवाळी. महादेव माझ्या दुकानासमोर उभा होता, हातात घरच्या कडबोळ्यांचं पुडकं. डोळे पांढरे झाले होते. कारखान्यात त्याला त्याची लेथ परत मिळाली होती.

मग त्याचं न पिण्याचं एक वर्ष पूर्ण झालं. असं वर्ष झालं की मंडळी एक उघडी मीटिंग घेतात. त्या दिवशी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, कुणीही यायचं. महादेव ड्यूटी संपवून बेलूरहून परस्पर आला होता. भागीरथी मागच्या बसनं आली, आणि सवयीनं येऊन माझ्या स्टुलावर बसली.

"अगं, आज आत जायचंय," मी म्हटलं.

"आत?" ती एकदम बावरली. अख्ख्या सप्तापुरात खणखणीत आवाजात विचारत फिरलेली ही बाई, पदर सारखा करत बसली. "आत मी कवा बसलीया? आनी एवढी गर्दी. जागा कुठली असनार. दारातनं बघते उभ्यानं."

तेवढ्यात महादेव रस्ता ओलांडून आला. तिच्यासमोर उभा राहिला, खाली बघत, नवरदेवासारखा लाजत.

"चल," तो म्हणाला. "जागा धरलीया."

मी चहाचा ट्रे उचलून त्यांच्यामागून गेले. वर्ग गच्च भरला होता. बायका होत्या, म्हाताऱ्या आया होत्या, भिंतीला टेकून माणसं उभी होती. ते इस्त्रीचे कपडेवाले साहेबही होते, आता हात खिशाबाहेर. आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर टॉवेल होता. तोच, तांबड्या काठाचा, स्वच्छ धुतलेला. त्या गर्दीत त्यावर कुणी बसलं नव्हतं.

भागीरथी खुर्चीपुढे जाऊन थांबली. तिला तो टॉवेल उचलवेना. महादेवनंच उचलला. त्यानं त्या टॉवेलनं खुर्ची पुसली, आधी बसायची जागा, मग पाठ. मग तो खांद्यावर टाकला आणि स्वतः जाऊन भिंतीशी उभा राहिला. ती बसली. खुर्चीच्या कडेला, पिशवी मांडीवर धरून.

मंजुनाथ अण्णा म्हणाले, "अक्का, आज तुम्ही दोन शब्द बोला."

तिनं एकदा महादेवकडे बघितलं, एकदा दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"काय बोलू," ती म्हणाली. "लई लांबनं उभ्यानं आली. आज बसायला मिळालं."